हल्ली आढळत नाही

ता. ९ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

आईच्या शिवणयंत्राचा आवाज तुला आठवतो का गं? तुम्ही सगळी त्याला खडखड म्हणायचात. खडखड नव्हतीच ती. कापड जाड असलं तर टपोरी आणि मलमल असली तर अगदी बारीक, दातांमागून जीभ थरथरवावी तशी तर्र-तर्र असायची. मी खिडकीत बसून उद्याची कविता पाठ म्हणायचो आणि तिचा पाय माझ्या चालीवर चालायचा. मी एखादं अक्षर आखूड केलं की पाय थांबायचा. लघु-गुरू तिला कुणी शिकवले नव्हते, पण माझं वृत्त मोडलं की तिची शिवण अडायची! आज सकाळी चहा ढवळताना तो आवाज कानात जसाच्या तसा वाजला, म्हणून हे पत्र.

इकडची खबर एकच. पक्ष्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती अजून आलेली नाही. आमचं पक्षीमंडळ, नवे कपडे घालून ओट्यावर पाहुण्यांची वाट बघणाऱ्या पोरांसारखं बसलेलं आहे. दुर्बीणरावांची (म्हणजे आमच्या चिटणिसांची, रात्री उशाशीही ते दुर्बीण ठेवत असावेत) जुन्या आवृत्तीची प्रत इतकी सुटी झाली आहे, की बदकं एका खिशात आणि घारी दुसऱ्या. ‘दिवाळखोर झालात का’ असं प्रकाशनाला लिहायचं ते म्हणत होते. मी ‘दिरंगाई’वर आणून थांबवलं.

मला मात्र या आवृत्तीची ओढ आहे तशी धास्तीही आहे. तळ्याकाठच्या पक्ष्यांची टिपणं माझी आहेत, हे तुला ठाऊक आहेच. प्रत्येकाचा आवाज मी लघु-गुरूंत बसवला आहे. तारऑफिसात सारा जन्म कडकट्ट ऐकण्यात गेला, त्याचा एवढा तरी उपयोग. पण एक नोंद लिहिताना हात जड झाला. लव्हाळी वटवट्या. मातकट, अंगठ्याएवढा, दिसतो क्वचितच. ओळखायचा तो आवाजावरून, आणि तो आवाज म्हणजे आईची मलमल. त्याच्यापुढे मी लिहिलं, ‘पूर्वी नियमित. हल्ली आढळत नाही.’ तुझी वहिनी गेली त्या साली तोही गेला. घरधनीण गेल्यावर भाडेकरूनेही बिऱ्हाड हलवावं तसा.

त्यातून एक वाईट होणार आहे. तळ्याच्या कचेरीला लव्हाळ्याचा तो सगळा कोपरा भरून पंपघर बांधायचं आहे. जुन्या पुस्तकात हा पक्षी तिथे घरटं करतो असं छापलेलं, म्हणून काम अडून होतं. आता नवे इंजिनिअरसाहेब आले आहेत. ताडमाड उंच, हसण्याची काटकसर करणारे. मंडळाच्या सभेला येऊन म्हणाले की ते छापलेल्यावर चालतात. नव्या आवृत्तीत पक्षी असला तर हात लावणार नाहीत, नसला तर माती टाकतील. दुर्बीणराव तावातावाने भांडले. मी गप्प बसलो. त्या कोपऱ्यात जायचा परवाना माझ्या एकट्याकडे, बरोबर फार तर एक माणूस. मीच जर ऐकला नाही, तर आहे म्हणून खोटं कसं लिहू?

चार दिवस ये ना. बांधावर जाऊन बसू. तुझ्या गुडघ्याला जपून नेईन.

माया आहेच, ती अशीच ओली राहू दे.

तुझा,
दादा


ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझा निळा मफलर माझ्या पिशवीत आला आहे, चोरला म्हणून बोंब मारू नकोस. चहात साखर दोनदा घालायची सवय सोड. पहिली घातलेली आठवत नसेल तर ढवळून चाखावं, माणसाला जीभ त्यासाठी असते. बाकी घर तू नीट ठेवलं आहेस. वहिनींची खुर्ची खिडकीशी आहे ती तिथेच बरी दिसते.

आता जे तोंडावर बोलायला हवं होतं आणि जमलं नाही, ते. चष्मा लावून, बसून वाच.

त्या सकाळी तू मला बांधावर बसवलंस, बोट वर केलंस आणि म्हणालास की ही शांतता ऐक, इथे तो गायचा. दादा, तिथे शांतता नव्हती. समोरच्या लव्हाळ्यात आईचं मशीन चालू होतं. मलमलीवरचं. थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं. मला वाटलं, दुसरा कुठला पक्षी असेल, मला काय कळतं त्यातलं. म्हणून आडून विचारलं की हा किडा कुठला ओरडतोय. तू म्हणालास, या थंडीत कसला आलाय किडा. तुझे डोळे भरले होते आणि तो गातच होता. 

पुढचं सांगायचं नाही असं मी वहिनींना कबूल केलं होतं. त्या आजारी पडायच्या आधीच एकदा भांडी पुसता पुसता त्यांनी मला सांगितलं होतं, की ह्यांना बोलणं ऐकू येतं, कावळा येतो, गाडी येते, पण वरचे बारीक आवाज गेले आहेत. बांधावर तो गायला लागला की त्या तुझ्या कोपराला हात लावायच्या आणि ‘आला बघा’ म्हणायच्या. तू लव्हाळ्याकडे बघायचास, पातं हललेलं दिसायचं, आणि तुझा चेहरा असा व्हायचा की त्यांना शंकाच उरायची नाही. आवाज तुझ्या आठवणीतून येत असणार. ज्या माणसाने कानांवर पोट भरलं त्याला हे सांगू नकोस, म्हणाल्या. मी नाही सांगितलं. त्या गेल्यावरही नाही.

पण गाणाऱ्या पक्ष्यावर माती पडणार, आणि ती तुझ्या वाक्यामुळे, हे माहीत असून कशी गप्प राहू? तू रागावशील. रागाव. पण एकदा कान दाखवून ये.

तुझी,
ठमी


ता. ९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. हळद्याला पोपट म्हणणाऱ्या बाईने मला पक्षी शिकवावेत हे नवीन आहे. लव्हाळ्यात रातकिडे असतात, बेडूक असतात, जुन्या पंपाची गळकी झडपही शीळ घालते. वादळात तारा तुटत असताना कडकट्टमधून मी अख्खे मजकूर उतरवून घेतले आहेत, अक्षर न चुकता. ते कान आहेत हे.

आणि जी व्यक्ती उत्तर द्यायला नाही, तिच्या तोंडी असलं काही घालू नये. हे कुणाशी बोलू नकोस.

मफलर पाठवायची घाई नाही.

दादा


ता. ३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मागच्या पत्राचा कागद फाडून टाक. तू फाडला नसशील, जपून ठेवला असशील आणि मला पुढे दहा वर्षं ऐकवशील. ऐकव. ऐकू आलं तर.

गेलो होतो कान दाखवायला. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिल्यांदा छान जमलं, तारऑफिसात बसल्यासारखं. मग तपासणाऱ्या बाई थांबल्या. काचेपलीकडे त्या यंत्राशी काहीतरी करत होत्या. मला वाटलं बिघडलं असेल, मी सबुरीने बसलो. वेळ जावा म्हणून शाळेतली एक कविता मनात म्हणत होतो. दुसऱ्या कडव्यावर होतो तेव्हा त्या आत आल्या, टोप्या काढल्या आणि म्हणाल्या की झालं. ठमे, त्या थांबल्याच नव्हत्या. तेवढा सगळा वेळ त्या वाजवत होत्या. कागदावरची रेघ काही अंतर सरळ चालली आहे आणि मग विहिरीत उडी टाकावी तशी खाली गेली आहे.

तिथून घरी न येता बांधावर गेलो. लव्हाळ्यात पातं हललं. उगाच डावं कोपर पुढे केलं. मग बराच वेळ तसाच बसलो. तो गेला नव्हता गं. ती माझ्या शेजारी नव्हती, एवढंच झालं होतं. आणि मी त्यावर केवढं सुंदर, करुण वाक्य लिहिलं! घरधनीण काय, भाडेकरू काय. लाज वाटते.

आता प्रश्न नुसता वटवट्याचा राहिलेला नाही. बारीक आवाजाचे जेवढे म्हणून पक्षी मी ‘कमी झाले’, ‘दिसेनासे झाले’ असे लिहिले, ते सगळे डोळ्यांसमोर येतात. मी तळं ऐकत नव्हतो, माझं म्हातारपण ऐकत होतो.

खरं सांगू, दोन दिवस मनात आलं की गप्प बसावं. कळणार कुणाला? मंडळात मला अजून तारमास्तर म्हणतात, वाद झाला की सगळे माझ्याकडे वळतात. ते गेलं तर माझ्याकडे उरतं काय? पाठ कविता आणि दोनदा साखरेचा चहा. पण मग माती पडताना दिसायला लागली. शेवटी पुस्तकाच्या संपादकीणबाईंना सगळं लिहिलं. पत्र पेटीत टाकल्यावर हात आत घालून पाहिला, निघतं का. नाही निघालं.

तुझ्या वहिनीने तुला सांगितलं आणि मला नाही, याचा राग कुणावर काढू ते कळत नाही. तूर्त तुझ्यावरच काढतो, तू हाताशी आहेस.

तुझा,
दादा


ता. १४ मार्च

आदरणीय तारमास्तरांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा संपादक म्हणून, आणि दुसऱ्यांदा आपल्याच शेजारी बसून आवाज उतरवायला शिकलेली विद्यार्थिनी म्हणून. दुसरं वाचन अवघड गेलं.

आपला भाग छापून झाला आहे, बांधणीवाल्याकडे गठ्ठे पडले आहेत. काम मी थांबवलं आहे. आपल्या सगळ्या बारीक आवाजांच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतील. म्हणजे आवृत्ती या वर्षी निघत नाही. सभासदांना मी ‘तांत्रिक अडचण’ एवढंच कळवते आहे, आपलं नाव कुठेही येणार नाही.

वटवट्याबद्दल पुस्तकाचा नियम आपणच घालून दिला होता, तो मला आपल्यालाच सांगावा लागतो आहे. गेलेला म्हणून नोंदलेला पक्षी परत आणायचा, तर दोन माणसांनी, एकमेकांना न भेटता, ऐकलेला आवाज आपल्या शब्दांत लिहून द्यायला हवा. आणि लिहून होईपर्यंत तो आवाज कुठल्या पक्ष्याचा हे त्यांना कुणी सांगता कामा नये. त्यात आपण नको. आपल्या भगिनींना तो आवाज कुणाचा हे कुणी सांगितलं नव्हतं, आपण तर तो नाकारलाच होतात, म्हणून त्यांचं निवेदन मी धरते, त्यांनी मला लिहून पाठवावं. दुसरा कान हवा.

तळ्याच्या कचेरीने आमच्याकडे लेखी विचारणा केली आहे. एप्रिलअखेरपर्यंत मी उत्तर टाळू शकते. त्यापुढे जे आहे तेच कळवावं लागेल, आणि जे आहे ते ‘आढळत नाही’ असंच आहे.

आपल्या पत्रानंतर माझ्या मनातला आपला आदर वाढला, हे लिहिलं तर औपचारिक वाटेल. तरी लिहिते.

आपली,
संपादक


ता. २५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

संपादकबाईंना माझं निवेदन पाठवलं. आईच्या मशीनची उपमा दिली आहे, हसल्या तर हसू देत.

मी स्वतः येऊन आणखी कुणाला तरी बरोबर नेणार होते, पण जिन्याच्या शेवटच्या पायरीने दगा दिला. तोच गुडघा. पाय पलंगावर उशीवर आहे आणि सूनबाई मला उठू देत नाही. शेजारीण म्हणते तुमचा भाऊ ऐकत नाही आणि तुम्ही चालत नाही, छान जोडी आहे. हसले, आणि मग ती गेल्यावर रडले. मीच जानेवारीत तिथल्या तिथे बोलले असते तर, असं सारखं मनात येतं.

एक मात्र ऐक. ‘तांत्रिक अडचणी’च्या आड लपू नकोस. मंडळाला तुझ्या तोंडून कळू दे. बाहेरून कळलं तर ते तुला माफ करणार नाहीत. तुझ्या तोंडून कळलं तरी करतील की नाही, ते सांगता येत नाही. पण त्यातलं कुणीतरी बांधावर जाऊन बसेल. तुला आता दुसरा कान हवा आहे, आणि तो मागितल्याशिवाय मिळणार नाही.

रागावलास तरी पत्र लिही. न लिहिण्याचा राग मला सोसत नाही.

तुझी,
ठमी


ता. २१ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

बरेच दिवस लिहिलं नाही. राग नव्हे. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

मंडळाला सांगितलं. खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या, भिंतीवर बदकांचा जुना तक्ता, मी उभा राहून सांगितलं. कवितेसारखं पाठ करून गेलो होतो, पण पहिल्या ओळीतच वृत्त मोडलं.  मग दुर्बीणराव म्हणाले, की म्हणजे आम्ही ज्या पुस्तकाची वाट पाहत बसलो ते तुमच्यामुळे थांबलंय तर. मी हो म्हटलं. ते म्हणाले, निदान आधी सांगायचं होतं, प्रकाशनाला शिव्या तरी घातल्या नसत्या. हशा झाला नाही.

तरी ठरलं की सगळ्यांनी बांधावर जायचं. मी कचेरीतून सगळ्यांसाठी परवानगी काढली. पहाटे आम्ही सारे ओळीने उभे. लव्हाळं हलत होतं, मला ते स्पष्ट दिसत होतं, आणि मी माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. कुणाचा चेहरा बदलला तर मला कळणार होतं. कुणाचाच बदलला नाही. तेव्हा लक्षात आलं, ठमे. कुणी काठी टेकून, कुणी कानावर हात धरून. सगळे माझ्याच वयाचे! आमच्या मंडळात वर्षानुवर्षं कुणी नवीन आलेलं नाही. ओळीने उभे राहून आम्ही सगळ्यांनी मिळून काही ऐकलं नाही.

पण हे त्यांना कसं सांगायचं? मी तसं सुचवताच दुर्बीणराव भडकले. म्हणाले की स्वतःचे कान गेले म्हणून आमचेही गेले म्हणता, पक्षी नाहीच, तुमच्या बहिणीला भास झाला आणि तुम्ही त्यापायी पुस्तक बुडवलंत. इतक्या वर्षांचा माणूस, पाठ फिरवून गेला. त्यानंतर घरी कुणी येत नाही. बाजारात भाजीवाल्याकडे समोरासमोर आलो तर दुर्बीणराव कांदे निवडायला लागले, निवडलेले पुन्हा निवडायला लागले.

कानात यंत्र बसवलं आहे. वर्तमानपत्र उलटलं की छप्पर उडाल्यासारखं वाटतं आणि चमचा पडला की दचकतो. घड्याळाची टकटक मात्र परत आली, ती बरी वाटते. वटवट्या त्यातूनही येत नाही. कान तपासणाऱ्या त्या बाई म्हणाल्या की इतका वरचा आवाज कुठलंच यंत्र परत आणणार नाही.

आज सकाळी पाहिलं, लव्हाळ्याच्या कडेने खुंट्या ठोकल्या आहेत, त्यांना लाल चिंध्या. लव्हाळंही पिवळं पडायला लागलं. ते वाळलं की तो गायचा थांबतो, मग कान असून उपयोग नाही. महिना संपत आला. मी शाळेच्या गाण्याच्या बाईंना विचारलं, त्यांना सुट्टीत गावी जायचंय. दूधवाला म्हणाला त्याला तेवढा वेळ नाही. रस्त्यावरच्या माणसाला धरून न्यावं असं मनात येतं, पण काय सांगून नेऊ? कुणाचा आवाज ते सांगितलं की नियम मोडतो आणि नाही सांगितलं तर वेडा ठरतो.

थांब. दारावर कुणीतरी थापा मारतंय. यंत्रातून कपाट पडल्यासारखं वाटलं. बघून येतो.

ठमे, घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घे. दारात इंजिनिअरसाहेब उभे आहेत. गुडघ्यापर्यंत चिखल. आत या म्हटलं तर बुटांकडे बोट दाखवून उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, मोजमापासाठी गेले काही दिवस उजाडताच लव्हाळ्यात उतरतो आहे, तिथे एक आवाज येतो. हाताखालच्या माणसांना विचारलं, तर ते किडा म्हणाले. पुस्तक अजून निघालं नाही, नाहीतर त्यात बघून मोकळा झालो असतो. तेव्हा म्हटलं तारमास्तरांना विचारावं. मातीच्या गाड्या महिना संपताच यायच्या आहेत. किडाच असेल तर तुम्ही तसं सांगा, म्हणाले. मी तसंच सांगावं म्हणून आले आहेत, हे त्यांच्या तोंडावर दिसतं आहे. पण आले आहेत.

मी विचारलं की आवाज कसा. ते जरा लाजले. एवढा मोठा माणूस. मग इकडेतिकडे पाहून दातांमागे जीभ लावली आणि केला. त्यांच्या त्या भसाड्या, जाड आवाजात केला. थांबला, पुन्हा सुरू झाला. तेच गुरू, तेच लघु, तीच मधली अडखळ.

ठमे, मला ऐकू आला.

ते विचारताहेत काय आहे म्हणून, आणि मी अजून काही बोललेलो नाही. आधी त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवं. ‘थांबा’ एवढंच म्हणून कागदासाठी आत आलो, तर घरात धड कागद हाच एक. तेव्हा याचा खालचा कोरा अर्धा फाडतो आहे